खंजिरी आणि फावडे

मैत्रिणींनो, पोथी वाचून झाली की कपड्यात बांधून ठेवायची, हीच आपली रीत ना? माझीही तीच होती.

आमच्या कुहीकडे खंजिरी वाजली, की तुकडोजी महाराज आठवतातच. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला १९०९ साली जन्मलेल्या या संताने भजनातून गाव झाडायला शिकवले. त्यांच्या १९५५ सालच्या ‘ग्रामगीते’चे ४१ अध्याय. त्यांत प्रार्थनेइतकाच मान स्वच्छतेला, अन् महिलोन्नतीवर तर एक अख्खा अध्याय!

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी गावच्या स्वच्छतेचा भाग मी बायकांपुढे अगदी चालीवर वाचला. परतताना शेजारच्या आजी घसरल्या, त्या आमच्याच मोरीच्या सांडपाण्यावर. मनगट मोडले. “बाई, वाचता छान जी तुम्ही. पण पाण्याचं पाहा ना जी,” एवढेच म्हणाल्या.

पाऊस सरल्यावर आम्ही दोघांनी तीन फूट खोल शोषखड्डा खणला. तळाशी मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, मग गिट्टी आणि वाळू. मोरीच्या तोंडाला जाळी हवीच. खरकटे अडकते, ती रोज धुवावी. आमची काळी माती पाणी लवकर पीत नाही, म्हणून खड्डा ऐसपैस घ्यावा. विहिरीजवळ मात्र नको.

‘बाईंनी फावडे घेतले’ म्हणून शाळेतली पोरे हसली. लाज वाटली, खोटे कशाला बोलू?

आजींचा हात अजून पुरता वळत नाही. त्यांची भाजी मीच चिरून देते. परवा भजनातल्या दोघींनी खड्ड्याचे माप विचारून नेले.