आल्याचे आइस्क्रीम : आमेरचा गारवा, सांभरचे मीठ आणि घरचा पॉट

दुधात कच्चे आले पडले की दूध फाटते, हा अनुभव चहा करणाऱ्या बहुतेक घरांना आहे. त्यामुळे आल्याचे आइस्क्रीम घरी करता येते, यावर अनेकांचा चटकन विश्वास बसत नाही. प्रत्यक्षात योग्य क्रम पाळला तर हे आइस्क्रीम कोणत्याही घरात, विजेवर चालणाऱ्या यंत्राशिवायही तयार होऊ शकते.

त्यासाठी दोन प्रश्न सोडवावे लागतात. पहिला प्रश्न दूध फाटू न देण्याचा आणि दुसरा ते शून्य अंशाच्या खाली नेऊन गोठवण्याचा. पहिल्याचे उत्तर स्वयंपाकघरातच आहे. दुसऱ्याचे उत्तर समजून घ्यायचे तर राजस्थानातील आमेरपर्यंत जाणे उपयोगी ठरते. वीज आणि शीतयंत्रे येण्यापूर्वी भर उन्हाळ्यात गारवा कसा मिळवला जात होता, याचे उत्तम उदाहरण तेथे आजही पाहावयास मिळते.

सुखनिवासातील पाण्याचा पाट

जयपूरपासून सुमारे ११ किलोमीटरवर असलेले आमेर ही १७२७ मध्ये जयपूर वसेपर्यंत कछवाहा राजांची राजधानी होती. पुरंदरच्या १६६५ मधील तहामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले मिर्झाराजे जयसिंग याच घराण्यातील. आमेरच्या किल्ल्याचा समावेश २०१३ मध्ये राजस्थानातील अन्य पाच किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

किल्ल्यातील आरसेमहालासमोर, बागेच्या पलीकडच्या बाजूस सुखनिवास हे दालन आहे. चंदनी दारांवर हस्तिदंती नक्षी असलेल्या या दालनातून संगमरवरी पाट काढलेला आहे. पाणी दालनातून वाहत बागेत जात असे आणि ओल्या दगडावरून येणारी हवा थंड होत असे. पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता हवेतून आणि दगडातून घेतली जाते. मातीच्या माठातील पाणी याच कारणाने गार होते. विदर्भात उन्हाळाभर चालणारे वाळ्याचे कूलरही याच तत्त्वावर काम करतात.

या पद्धतीला मर्यादा आहे. हवा ४० अंश तापलेली आणि कोरडी असेल तर बाष्पीभवनाने ती पंचविशीच्या आत आणता येते. मुंबईसारख्या दमट हवेत तेवढाही फरक पडत नाही. आमेरच्या कोरड्या उन्हात हा उपाय सुखावह होता, परंतु पाणी गोठवण्याच्या जवळपासही तो पोहोचू शकत नव्हता.

आबदारखान्यातील शोरा

आमेरच्या राजा भारमलच्या कन्येचा विवाह १५६२ मध्ये अकबराशी झाला आणि या घराण्याचा मोगल दरबाराशी निकटचा संबंध जडला. भारमलचा नातू मानसिंग हा अकबराच्या प्रमुख सरदारांपैकी एक होता. या दरबारात पाणी गार कसे केले जाई, याचे तपशीलवार वर्णन अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये आबदारखान्याच्या प्रकरणात केले आहे.

त्यानुसार एक शेर पाणी जस्तासारख्या धातूच्या किंवा चांदीच्या सुरईत भरून तिचे तोंड बंद केले जाई. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर शोरा टाकला जाई आणि त्यात ती सुरई सुमारे पाव तास फिरवली जाई. बंदुकीच्या दारूत वापरला जाणारा शोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, त्यामुळे सुरईतील पाणी थंड होई. दरबार पंजाबात गेल्यानंतर तेथे हिम आणि बर्फही वापरात आला. लाहोरपासून सुमारे ४५ कोसांवरील डोंगराळ भागातून तो नावा, गाड्या आणि माणसे यांच्या साहाय्याने आणला जात असे, अशीही नोंद या ग्रंथात आहे.

मोगलांच्या काळी शोऱ्याच्या साहाय्याने कुलफी गोठवली जाई, असे अनेकदा सांगितले जाते. मात्र शोऱ्याचे गुणधर्म पाहता एकट्या शोऱ्याने हे साधणे अवघड आहे. शोरा पाण्यात विरघळल्यास तापमान दहा-बारा अंशांनी उतरते. बर्फात शोरा मिसळला तरी मिश्रण उणे तीन अंशांच्या आसपास येऊन थांबते. साखर घातलेले दूध गोठण्यास सुरुवातच साधारण उणे अडीच ते तीन अंशांवर होते. म्हणजे दूध घट्ट होण्यासाठी जेवढी थंडी हवी, तेवढी शोऱ्यातून मिळत नाही. ती साध्या मिठातून मिळते.

सांभरचे खडे आणि बर्फ

हे मीठ आमेरपासून फार दूर नव्हते. अकबर आणि भारमलच्या कन्येचा विवाह जेथे झाला, ते सांभर हे देशातील सर्वांत मोठ्या खाऱ्या पाण्याच्या अंतर्गत सरोवराच्या काठी वसले आहे. जयपूरच्या पश्चिमेस सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या या सरोवराच्या परिसरात उथळ वाफ्यांत पाणी घेऊन उन्हावर मीठ पिकवले जाते. या मिठावर जयपूर आणि जोधपूर या दोन्ही संस्थानांचा हक्क होता. १८७० मध्ये ते ब्रिटिश सरकारने भाडेपट्ट्याने घेतले. १९९० पासून हे सरोवर रामसर यादीतील पाणथळ क्षेत्र आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये येथे हजारो पक्षी मृत्युमुखी पडले, तेव्हा मीठ पिकवणारे हे सरोवर स्थलांतरित पक्ष्यांचेही आश्रयस्थान आहे, याकडे देशाचे लक्ष वेधले गेले.

आइस्क्रीमसाठी सांभरचे मीठ असो की कोकणातील मिठागरांचे, त्याचे कार्य एकच असते. एक ग्रॅम बर्फ वितळण्यासाठी सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. साधा बर्फ शून्य अंशावर वितळतो, त्यामुळे त्याच्या सान्निध्यात ठेवलेले दूध शून्याखाली जाऊ शकत नाही. बर्फात मीठ मिसळले की तो शून्याच्या बऱ्याच खाली वितळू लागतो आणि लागणारी उष्णता आजूबाजूच्या वस्तूंतून ओढून घेतो. मीठ आणि बर्फ यांचे मिश्रण जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. घरच्या बादलीत ते उणे १० ते १५ अंशांपर्यंत सहज पोहोचते.

सुखनिवासात पाण्याची वाफ होते, आबदारखान्यात शोरा विरघळतो आणि पॉटमध्ये बर्फ वितळतो. तिन्ही ठिकाणी थंडी नव्याने निर्माण होत नाही, तर उष्णता एका पदार्थातून काढून दुसऱ्याला दिली जाते. हे लक्षात आले की पॉटमधील बर्फ वितळताना पाहून चिंता वाटत नाही. बर्फ वितळत आहे, याचाच अर्थ आइस्क्रीम गोठत आहे.

मुंबईतील पहिला बर्फ

मैदानी प्रदेशात मुबलक बर्फ मिळू लागला तो एकोणिसाव्या शतकात. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांवरून कापलेला बर्फ भुशात बांधून जहाजाने १८३३ मध्ये कोलकात्यास आणि त्यानंतर मुंबईस आला. व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३४ च्या सुमारास एका मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा मुंबईच्या इतिहासात सांगितला जातो. सर्दीवर आल्याचा काढा देणाऱ्या समाजात आल्याचे आइस्क्रीम मात्र त्या काळी कोणाला सुचले नसावे.

पुढे १८४३ मध्ये अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन यांनी दांडा फिरवून आइस्क्रीम करण्याच्या यंत्राचे एकस्व मिळवले. लाकडी बादली, मध्ये धातूचा डबा, डब्यात लाकडी पंखा आणि वर फिरवण्याचा दांडा, ही त्याची रचना. महाराष्ट्रात मे महिन्याच्या सुटीत घरोघरी आळीपाळीने फिरवला जाणारा पॉट मूलतः याच रचनेचा आहे.

दूध का फाटते?

आले लिंबासारखे आंबट नाही, तरीही त्याने दूध फाटते. याचे कारण आल्यातील झिंजिबेन हे विकर होय. दुधातील केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांपासून अलग ठेवणारा भाग हे विकर कापून टाकते आणि कण एकत्र येऊन दूध साकळते. सुमारे ६० अंशांच्या आसपास त्याचे कार्य सर्वांत वेगाने चालते. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात याच गुणाचा उपयोग करून ताज्या आल्याच्या रसावर गरम दूध ओततात आणि दह्यासारखा घट्ट गोड पदार्थ करतात.

आइस्क्रीममध्ये मात्र हे नको असते. ७० अंशांच्या वर तापवल्यास हे विकर निकामी होऊ लागते आणि उकळत्या पाण्यात ते काही मिनिटांतच नष्ट होते. म्हणूनच चहाच्या पाण्यात आले आधी उकळून मग दूध घालण्याची घरगुती रीत शास्त्रीय दृष्ट्याही योग्य आहे. आइस्क्रीम करतानाही हाच नियम पाळावयाचा असतो.

साहित्य आणि कृती

साहित्य : साय न काढलेले एक लिटर दूध (सहा टक्के स्निग्धांशाचे), २५० ग्रॅम ताजी मलई, १५० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम कोवळे आले, चिमूटभर मीठ. गोठवण्यासाठी चार किलो बर्फ आणि एक किलो जाडे मीठ.

आल्याची साल काढून पातळ चकत्या कराव्यात. एक वाटी पाण्यात त्या पाच मिनिटे खळखळ उकळाव्यात. नंतर त्यात साखर घालून मंद आचेवर पातळ पाक होईपर्यंत ठेवावे. आल्याचा तिखटपणा आणि सुगंध पाकात उतरतो. पाक गाळून घ्यावा. उरलेल्या चकत्या टाकून देऊ नयेत. बारीक चिरल्या की त्यांना आलेपाकाच्या वडीसारखी चव येते आणि त्या शेवटी आइस्क्रीममध्ये घालता येतात.

दूध वेगळ्या पातेल्यात उकळून दोनतृतीयांश होईपर्यंत आटवावे. खाली लागू नये म्हणून सतत ढवळावे. दूध आणि पाक दोन्ही निवल्यावर एकत्र करावेत, मलई आणि मीठ घालावे. चव पाहताना मिश्रण किंचित अधिक गोड लागले पाहिजे, कारण गोठल्यावर जिभेला गोडी कमी जाणवते. हे मिश्रण किमान चार तास फ्रिजमध्ये ठेवावे. या काळात स्निग्धांश घट्ट होतो आणि आइस्क्रीम अधिक मऊ होते.

डबा दोनतृतीयांशच भरावा, कारण फिरवताना हवा मिसळून मिश्रण फुगते. डब्याभोवती ठेचलेला बर्फ आणि मीठ यांचे थर द्यावेत. चार भाग बर्फास एक भाग मीठ हे प्रमाण योग्य ठरते. जाडे मीठ सावकाश विरघळत असल्याने गारवा टिकून राहतो. दांडा सुरुवातीस सावकाश आणि मग एकसारख्या वेगाने २० ते ३० मिनिटे फिरवावा. डब्याच्या कडेला तयार होणारे बर्फाचे कण पंखा सतत खरवडून काढतो, त्यामुळे ते मोठे होऊ शकत नाहीत. आइस्क्रीम रवाळ न होता मुलायम होण्याचे रहस्य यातच आहे. दांडा फिरवणे जड जाऊ लागले की पंखा काढून चकत्यांचे तुकडे मिसळावेत, झाकण लावावे आणि बादलीवर गोणपाट टाकून तासभर ठेवावे.

पॉट नसल्यास मिश्रण उथळ डब्यात फ्रीजरमध्ये ठेवता येते. कडा गोठू लागल्या की दर पाऊण तासाने बाहेर काढून तीन-चार वेळा चांगले घोटावे. त्याचा पोत पॉटमधील आइस्क्रीमइतका मऊ होत नाही, परंतु चवीत फरक पडत नाही.

कोणती काळजी घ्यावी?

बाजारातून आणलेला बर्फ अनेकदा पिण्यायोग्य पाण्याचा नसतो. अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्याला निळा रंग देण्याचा नियम करण्यात आला. असा बर्फ डब्याबाहेर वापरला तरी त्याचे पाणी आत जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. झाकण उघडण्यापूर्वी त्यावरील खारे पाणी स्वच्छ फडक्याने पुसावे आणि बर्फ हाताळलेले हात धुवावेत. खाऱ्या पाण्याचे चार थेंबही संपूर्ण आइस्क्रीमची चव बिघडवू शकतात. शोऱ्याचा प्रयोग घरी करण्याचे काही कारण नाही.

विकतच्या डब्यावर ‘आइस्क्रीम’ लिहिले आहे की ‘फ्रोझन डेझर्ट’, हेही पाहावे. भारतीय नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये किमान दहा टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो, तर फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ वापरलेले असतात. वरील कृतीत दुधाचा स्निग्धांश दहा टक्क्यांच्या आसपास भरतो.

थंड घास, उष्ण चव

आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या द्रव्यामुळे येतो. आले वाळून सुंठ होताना त्याचा काही अंश शोगाओल या अधिक तिखट द्रव्यात बदलतो. म्हणून ताज्या आल्याऐवजी सुंठ वापरावयाची असल्यास ती बरीच कमी घ्यावी आणि तीही पाण्यात उकळून घ्यावी.

जिभेवरील आणि त्वचेतील ज्या ग्राहकाला उष्णतेची जाणीव होते, त्यालाच आल्यातील ही द्रव्येही चेतवतात. या ग्राहकाच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. थंडीमुळे ही जाणीव काही काळ दबलेली राहते. त्यामुळे आल्याच्या आइस्क्रीमचा घास आधी गार आणि गोड लागतो, आणि तो विरघळल्यानंतर घशाशी आल्याची ऊब जाणवते.

घरच्या आइस्क्रीममध्ये स्थिरकारक द्रव्ये नसल्याने चार-पाच दिवसांत त्यात बर्फाचे मोठे कण तयार होऊ लागतात. त्यामुळे ते लवकर संपवणे इष्ट. ज्या घरात दांडा फिरवण्यास चार हात आहेत, तेथे ते तेवढे दिवस उरण्याची शक्यताही कमीच.