महानगरपालिकेची कंत्राटे आणि स्थायी समिती

पावसाळ्यापूर्वी नाल्यांतील गाळ काढला जातो, रस्त्यांचे काँक्रिटीकरण होते, महापालिकेच्या शाळांतील मुलांना वह्या, दप्तरे व गणवेश मिळतात, रुग्णालयांत औषधे येतात. नागरिकाला दिसते ते एवढेच. परंतु या प्रत्येक कामामागे एक कंत्राट असते, आणि ते कंत्राट रकमेने मोठे असेल तर त्यामागे स्थायी समितीच्या बैठकीत झालेला एक ठराव असतो. बृहन्मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ या वर्षाचा अर्थसंकल्प सुमारे ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एवढ्या रकमेतील मोठमोठे खर्च ज्या समितीपुढून जातात, तिच्या कामकाजाची माहिती मात्र फारच थोड्या करदात्यांना असते.

स्थायी समितीच्या हाती महापालिकेच्या तिजोरीच्या चाव्या असतात, असे नेहमी म्हटले जाते. हे वर्णन अर्धेच खरे आहे. बँकेतील लॉकरला दोन चाव्या असतात. एक बँकेकडे आणि दुसरी खातेदाराकडे. दोन्ही लागल्याखेरीज पेटी उघडत नाही. महापालिकेच्या तिजोरीचेही तसेच आहे. निविदा मागविणे, त्यांची छाननी करणे, करार करणे आणि काम करवून घेणे हे अधिकार महानगरपालिका आयुक्तांचे आहेत. समिती स्वतः निविदा मागवीत नाही, आणि आपल्या पसंतीचा कंत्राटदार सुचविण्याचा तिला अधिकार नाही. आयुक्तांनी आणलेल्या प्रस्तावाला संमती द्यावयाची की नाही, एवढेच ती ठरविते. पण तिच्या संमतीवाचून ठराविक रकमेपलीकडचा करार आयुक्तांना करता येत नाही.

दोन चाव्या का?

ही व्यवस्था कोणा विद्वानाच्या कल्पनेतून निघालेली नाही. ती मुंबईच्या अनुभवातून आली आहे, आणि तो अनुभव कडवट होता. १८६५ च्या कायद्याने मुंबईच्या नगरव्यवस्थेचा कार्यकारी अधिकार एका आयुक्ताच्या हाती देण्यात आला. त्याच्यावर देखरेख ठेवावयाची ती जस्टिस ऑफ द पीस या सरकारनियुक्त मंडळींनी. आर्थर क्रॉफर्ड हे त्या वेळचे आयुक्त. त्यांनी शहराची साफसफाई मनावर घेतली, रस्ते रुंद केले, नवी मंडई उभारली. आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून आपण जिला ओळखतो तीच ही. कामे चांगली होती यात वाद नाही. मात्र खर्चाला धरबंध राहिला नाही, नगरपालिका कर्जात बुडाली, करांचा बोजा वाढला आणि १८७१ साली करदात्यांचा संताप उफाळून आला. जस्टिसांच्या सभेत जेम्स फोर्ब्स यांनी सुधारणेचा ठराव मांडला. आयुक्ताचा अधिकार काढून तो एका मंडळाकडे द्यावा, असा त्याचा रोख होता.

त्याच वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टराने या प्रश्नावर निबंध वाचला. ते फिरोजशहा मेहता होते. सभेचा कल आयुक्तांच्या विरोधात असताना त्यांनी उलट बाजू मांडली. दोष एका कार्यकारी अधिकाऱ्याच्या पद्धतीत नाही, त्याच्यावर देखरेख करणारे मंडळ दुबळे आहे आणि ते लोकांनी निवडलेले नाही, हा खरा दोष आहे, असे त्यांचे म्हणणे होते. काम करणारा हात एकच असावा; मात्र त्या हाताला जाब विचारणारे लोक करदात्यांनी निवडून दिलेले असावेत. श्रोत्यांना हे मानवले नाही आणि सभेत बराच गोंधळ झाला. पुढे मात्र कायद्याने हीच वाट धरली. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांचे महापालिका मंडळ अस्तित्वात आले. त्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडावयाचे होते. त्यातूनच टाउन कौन्सिल ही छोटी समिती नेमण्यात आली. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात टाउन कौन्सिलची जागा स्थायी समितीने घेतली. त्या वेळी तिचे १२ सदस्य असत : आठ महापालिकेने निवडलेले आणि चार सरकारने नेमलेले. त्या कायद्याच्या घडणीत मेहतांचा मोठा वाटा होता. महापालिकेच्या मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे तो याच नात्याने.

हा अधिनियम पुष्कळ दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. समितीचे सदस्य आता २७ आहेत : नगरसेवकांतून निवडलेले २६ आणि शिक्षण समितीचे अध्यक्ष पदसिद्ध. पुण्यासारख्या ज्या शहरांना १९४९ चा अधिनियम लागू आहे तेथे ही संख्या १६ असते. दोन्हीकडे निम्मे सदस्य दर वर्षी निवृत्त होतात. समिती सतत राहते, माणसे पालटत जातात. ‘स्थायी’ या नावाचा खरा अर्थ येथे आहे. आठवड्यातून एकदा तरी तिची बैठक व्हावी, असे कायदाच सांगतो.

प्रस्तावाचा प्रवास

एखाद्या रस्त्याचे काम घेऊ. प्रथम अभियंता दरसूचीवरून अंदाजपत्रक तयार करतो. त्या कामासाठी अर्थसंकल्पात तरतूद असावी लागते. तरतुदीवाचून पैसा खर्च करता येत नाही. मग निविदासूचना प्रसिद्ध होते. पूर्वी लाखबंद लिफाफे येत आणि ते सर्वांसमक्ष फोडले जात. आता निविदा संगणकाद्वारे भरल्या जातात. पद्धत पालटली तरी तत्त्व एकच आहे : प्रत्येकाचा दर इतरांना आधी कळू नये. कंत्राटदाराची पात्रता आणि त्याचे दर वेगवेगळ्या पाकिटांतून तपासतात. पात्रता सिद्ध झाली तरच दराचे पाकीट उघडते. तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि आयुक्तांचा प्रस्ताव, महापालिकेच्या भाषेत मसुदापत्र, महानगरपालिका चिटणिसांमार्फत समितीच्या विषयपत्रिकेवर येतो.

समितीपुढे त्याचे चारांपैकी एक काहीतरी होते. तो मंजूर होतो, माहितीसाठी राखून ठेवला जातो, फेरविचारार्थ परत पाठविला जातो, किंवा ‘दप्तरी दाखल’ होतो. शेवटचा शब्दप्रयोग मोठा सौम्य आहे. दप्तरी दाखल म्हणजे प्रस्ताव नामंजूर झाला, हे बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

मंजुरीनंतरही एक जुनी खबरदारी आहे. मोठ्या करारावर महापालिकेची मोहोर उमटवावी लागते. ही मोहोर आयुक्तांच्या ताब्यात नसून चिटणिसांच्या ताब्यात असते. स्थायी समितीच्या दोन सदस्यांसमक्षच ती लावावी आणि त्यांनी करारावर सही करावी, अशी कायद्याची योजना आहे. ज्याने ठरविले त्यानेच शिक्का मारावा, असे घडू नये, हा त्यामागचा हेतू.

सर्वांत कमी की सर्वांत फायदेशीर?

पुष्कळांची अशी समजूत आहे की, ज्याचा दर सर्वांत कमी त्यालाच काम द्यावे लागते. कायदा तसे म्हणत नाही. अधिनियमाच्या कलम ७२ मध्ये सर्व परिस्थिती विचारात घेता जी निविदा सर्वांत फायदेशीर वाटेल ती स्वीकारावी, असे म्हटले आहे. कोणतीही निविदा स्वीकारण्याचे बंधनही आयुक्तांवर नाही. ‘कमी’ आणि ‘फायदेशीर’ या दोन शब्दांतील अंतर लहान दिसते, पण समितीचे सारे काम त्या अंतरातच आहे.

समजा, रस्त्याचा अंदाज एक कोटीचा आहे आणि एका कंत्राटदाराने तो ६५ लाखांत करून देण्याचे कबूल केले आहे. वरवर पाहता महापालिकेचे ३५ लाख वाचले. परंतु सिमेंट, खडी व मजुरी यांचे भाव त्या कंत्राटदारासाठी काही निराळे नसतात. मग ही बचत येते कोठून? अंदाजच फुगविलेला असेल, काँक्रीटची जाडी कमी भरणार असेल, किंवा काम अर्ध्यावर आल्यावर ‘वाढीव काम’ म्हणून नवा प्रस्ताव येणार असेल. तिन्ही शक्यतांची उत्तरे वेगवेगळी आहेत. पहिली खरी असेल तर अंदाजपत्रक करणाऱ्याला विचारावे लागेल. दुसरीसाठी जादा सुरक्षा ठेव घ्यावी लागेल आणि दोषदायित्वाचा काळ नीट बांधून घ्यावा लागेल. तिसरी सर्वांत सवयीची आणि सर्वांत महाग. मूळ प्रस्तावाच्या वेळी समितीत तासभर चर्चा होते. वाढीव खर्चाचा प्रस्ताव मात्र वर्षभराने इतर वीस विषयांच्या गर्दीत येतो आणि कोणी मान वर करण्याच्या आत मंजूर होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, सदस्याने बारकाईने वाचावयाचे कागद कोणते असे कोणी विचारले तर उत्तर हेच द्यावे लागेल : फेरफाराचे.

उलट प्रकारही घडतो. तीन निविदा येतात, तिघांचे दर अंदाजापेक्षा जास्त असतात आणि एकमेकांपासून जेमतेम अर्ध्या टक्क्याने दूर. अशा वेळी स्पर्धा झाली की स्पर्धेचे सोंग झाले, असा प्रश्न विचारणे हे सदस्याचे कर्तव्य ठरते. त्याचे उत्तर मिळेपर्यंत विषय राखून ठेवण्याचा अधिकार समितीला आहे. राखून ठेवणे म्हणजे विकासकामात अडथळा आणणे, असा ओरडा होतो. पावसाळा तोंडावर असताना तो काही वेळा खराही असतो. म्हणूनच नालेसफाईसारख्या कामांचे प्रस्ताव हिवाळ्यातच समितीपुढे आले पाहिजेत. एप्रिलमध्ये आलेल्या प्रस्तावाला प्रश्न विचारण्यास वेळच उरत नाही.

निविदांशिवाय

कधी कधी निविदा मागविणे शक्यच नसते. पूर येतो, पूल खचतो, साथ पसरते. कायद्याने ही अडचण ओळखली आहे. निविदा न मागविता करार करण्याची परवानगी स्थायी समिती आयुक्तांना देऊ शकते, मात्र त्याची कारणे समितीच्या इतिवृत्तात नोंदली पाहिजेत. परवानगी आहे, पण ती मुकी नाही.

ही नोंद किती महत्त्वाची असते, ते कोविडच्या साथीनंतर दिसून आले. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी महापालिकेच्या काही खर्चांची विशेष तपासणी केली. मार्च २०२३ मध्ये विधिमंडळापुढे ठेवण्यात आलेल्या त्यांच्या अहवालात सुमारे २१४ कोटी रुपयांची २० कामे निविदा न मागविता देण्यात आल्याचा आक्षेप होता. संकटात घाई क्षम्य असते. कारण न नोंदविण्याची घाई मात्र पुढे कोणालाच निस्तरता येत नाही.

मंजुरी हा काही शेवट नव्हे. २०१६ मध्ये मुंबईतील ३४ रस्त्यांच्या कामांची चौकशी झाली. कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले, आणि कामाची गुणवत्ता तपासण्यासाठी ज्या त्रयस्थ संस्था नेमल्या होत्या त्यांचेच काही कर्मचारी अटकेत गेले. निविदा, तक्ता व ठराव कागदोपत्री झाले होते. रस्त्याखालचे थर तसे नव्हते. समितीला रस्ता खणून पाहता येत नाही. त्यासाठी तिच्याजवळ दुसरे साधन आहे : महानगरपालिका प्रमुख लेखापरीक्षक. त्यांची नेमणूक महापालिका करते. महापालिकेच्या हिशेबांची तपासणी त्यांनी दर आठवड्याला करावयाची आणि अहवाल आयुक्तांना नव्हे, तर स्थायी समितीला द्यावयाचा, अशी तरतूद आहे. आठवड्याला बैठक आणि आठवड्याला लेखातपासणी असे दुहेरी वेळापत्रक १३० वर्षांपूर्वी आखणाऱ्यांना पैशाचा स्वभाव चांगला ठाऊक असावा. लेखापरीक्षकांचे आक्षेप विषयपत्रिकेवर येतात. त्यांवर चर्चा किती होते, हे सदस्यांवर अवलंबून असते.

सदस्यावरही बंधने आहेत. महापालिकेच्या कोणत्याही कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असेल, तो नगरसेवक राहण्यास अपात्र ठरतो.

समिती नसते तेव्हा

लॉकरची दुसरी चावी कोणाच्याच हाती नसेल तर काय होते, याचा अनुभव मुंबईने दोनदा घेतला. १९८४-८५ मध्ये महापालिकेवर प्रशासक होते. पुन्हा मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक लांबल्यामुळे आयुक्तांकडेच प्रशासकपद आले. महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त या तिघांचे अधिकार एका ठिकाणी एकवटले. प्रस्ताव मांडणारे आणि त्याला मंजुरी देणारे कार्यालय एकच झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्थसंकल्प स्थायी समितीपुढे नव्हे, तर आयुक्तपदीच असलेल्या प्रशासकांपुढे ठेवण्यात आला. कामे थांबली नाहीत. उलट ती झपाट्याने झाली, असेही सांगितले गेले आणि ते अनेक बाबतींत खरेही असेल. पण या काळातील इतिवृत्ते जो कोणी पुढे वाचील त्याला ठराव सापडतील, मंजूर रकमा सापडतील. प्रश्न मात्र सापडणार नाहीत, कारण ते विचारणारे आसनावर नव्हते.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली आणि जवळजवळ चार वर्षांच्या खंडानंतर लोकनियुक्त सभागृहाचा मार्ग मोकळा झाला. दरम्यान मंजूर झालेल्या कित्येक कंत्राटांची मुदत अद्याप चालू आहे. त्यांतील फेरफारांचे प्रस्ताव आता समितीच्या विषयपत्रिकेवर येतील. मूळ मंजुरीच्या वेळी जे विचारावयाचे राहून गेले, ते विचारण्याची संधी त्या कागदांवर आहे.