लेकीच्या हातचा दागिना

दागिना म्हटले की आपल्या बायाबापड्यांच्या डोळ्यांपुढे आधी सोनाराचे दुकान येते आणि पाठोपाठ सावकाराचे दार! 2025 साली दहा ग्रॅम सोन्याने एक लाख रुपयांचा आकडा ओलांडला. जिंतूर तालुक्यातील चारठाण्यासारख्या गावात, जिथे कापूस वेचून आणि सोयाबीन काढून चूल पेटते, तिथे मजुरी करणाऱ्या आईने लेकीच्या हातात काय घालावे? आम्ही म्हणतो, मायलेकींनी सोबत बसून दागिना स्वतः घडवावा. फुरसतीच्या वेळचा हा एक चांगला छंद आहे.

हल्ली शहरातल्या मुली मनगटात बारीक साखळी घालतात व तिला छोटी छोटी लटकने अडकवतात. कुठे पान, कुठे चांदणी, कुठे पुस्तक. तिला 'चार्म ब्रेसलेट' म्हणतात. एकेक लटकन एकेका आठवणीचे असते. दहावी पास झाल्याचे एक, पहिल्या पगाराचे एक. कल्पना छान आहे. पण दुकानातून विकत आणलेल्या आठवणीपेक्षा हाताने घडवलेली आठवण केव्हाही मोलाची!

जुना हिशेब

आपल्या समाजात दागिन्याचा विषय निघाला की महाड आठवते. डिसेंबर 1927 मध्ये सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या भगिनींना मुद्दाम दागिन्यांबद्दल सांगितले. गळ्यातल्या गळसऱ्या आणि हातभर घातलेल्या कथलाच्या, चांदीच्या पाटल्या पाहून लोक लांबूनच जात ओळखत. त्या खुणा टाकून द्या, घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाही तर मुळीच घालू नका, असा त्यांचा सांगण्याचा रोख होता. आपल्या आज्यापणज्यांनी ते ऐकले. दागिना उतरवणे हेच त्या दिवशी मोठे धाडस होते.

मग आज आम्ही लेकींना पुन्हा मणी ओवायला का सांगतो? कारण तेव्हाचा दागिना दुसऱ्यांनी लादलेली खूण होती. आजचा दागिना आपल्या आवडीचा, आपल्या हाताचा आहे. हवा तेव्हा घालावा, नको तेव्हा काढून ठेवावा.

पिप्रहव्याचे मणी

दागिने घडवण्याची कला आपल्याला परकी नाही. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील स्तूप 1898 साली विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने खणला. भगवान बुद्धांच्या अस्थींसोबत तिथे अठराशेहून अधिक मणी, रत्ने आणि सोन्याचे तुकडे निघाले. त्यांत इवलीइवली फुले आहेत, पाने आहेत, त्रिरत्नाची खूण आहे. बोटाच्या पेरावर मावतील असे हे नग कोणा कारागिराने किती चिकाटीने घासले असतील! त्यांतला पेपे कुटुंबाकडे राहिलेला वाटा मे 2025 मध्ये हाँगकाँगला लिलावात निघणार होता. भारत सरकारने हरकत घेतली, लिलाव थांबला आणि जुलै 2025 मध्ये ती रत्ने मायदेशी परत आली.

इतके लांब तरी कशाला जायचे? मराठवाड्यातच तेर आणि भोकरदन येथे सातवाहनकाळातले मणी सापडले आहेत. तेरच्या संग्रहालयात ते पाहायला मिळतात. आणि चारठाण्यात तर यादवकाळातले कोरीव दगड घराशेजारी उभे आहेत. तिथल्या नक्षीतले एखादे फूल, एखादे पान मुलींनी वहीत पेन्सिलीने उतरवून घ्यावे. लटकनाचा पहिला नमुना तयार!

करायचे कसे?

मातीची लटकने सर्वांत स्वस्त. मात्र शेतातली काळी माती घेऊ नये. ती वाळताना आकसते आणि तडकते. कुंभाराकडची तयार मळलेली माती मागून आणावी. पोळीसारखी लाटावी, पण जाडी दोन रुपयांच्या दोन नाण्यांइतकी ठेवावी. पिंपळपान, कमळ, हत्ती, चक्र, पुस्तक असा हवा तो आकार सुरीने कापावा. माती अर्धवट वाळली की सुईने भोक पाडावे. भाजल्यावर माती आणखी आकसते, म्हणून भोक थोडे मोठेच हवे. चार-पाच दिवस सावलीत वाळवून कडा घासून घ्याव्यात आणि कुंभाराच्या आव्यात त्याच्या मडक्यांबरोबर भाजायला द्याव्यात. नंतर रंग द्यावा.

ओवायला मेणाचा दोरा चांगला. मनगटाचे माप दोऱ्याने घ्यावे, त्यात दोन बोटे जास्त धरावीत आणि गाठीसाठी वेगळा दोरा सोडावा. मोठे लटकन मधोमध घ्यावे व त्याच्या दोन्ही बाजूंना गाठ मारावी, म्हणजे ते सरकत नाही. तारेची कडी वापरायची असेल तर तिची टोके बाजूला ताणू नयेत. एक टोक पुढे, दुसरे मागे असे पकडीने वळवावे. बंद करताना उलट वळवावे. म्हणजे गोलाई बिघडत नाही.

काही गोष्टी सांभाळाव्यात. लाल गुंजा दिसायला सुंदर, पण आतून जहरी. त्यांना भोक पाडू नये, लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. सीताफळाच्या बियांची भुकटी डोळ्यांत गेली तर डोळ्यांना इजा होते. हलक्या धातूने कातडीला खाज सुटली तर तो काढून दोराच वापरावा. तान्ह्या लेकरांच्या अंगावर मणी घालू नयेत. ते तुटले की थेट तोंडात जातात.

लटकन म्हणजे ताईत नव्हे

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. इंग्रजीतला 'चार्म' हा शब्द मूळचा मंत्रतंत्राचा. बाजारात नशीब उघडणारी, नजर न लागू देणारी लटकनेही मिळतात. त्यांच्या नादी लागू नये. भगवंतांनी मंत्र, तोडगे, शकुन यांना हीन विद्या म्हटले आणि मंगल कशाला म्हणावे ते आचरणात दाखवले. पौर्णिमेला अष्टशील घेणारे उपासक-उपासिका त्या दिवसापुरते दागिने उतरवून ठेवतात. यात एक साधी कसोटी आहे. सहज उतरवता येतो तो दागिना. उतरवायची भीती वाटली, की समजावे, तो गंडा झाला!

म्हणून लेकीला सांगावे, हे पिंपळपान तुझे रक्षण करणार नाही. तुझे रक्षण तुझे शिक्षण करील. हे पान तुझ्या आईने तुझ्याशेजारी बसून कापले, एवढेच त्याचे मोल.

आणि ते मोल कमी नाही. दिवसभर रानात राबणाऱ्या बाईला संध्याकाळचा तासभर स्वतःसाठी, आवडीच्या कामासाठी मिळावा, यात चैन कसली? तो तिचा हक्क आहे. घरातल्या पुरुषांनी त्या तासाला चूल सांभाळावी. हात बसला तर 14 एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जत्रेत छोटे दुकान मांडता येईल, दोन पैसेही मिळतील. पण सुरुवात पैशासाठी नको, आनंदासाठी असावी. येत्या सुट्टीत एकच लटकन करून पाहा. वाकडे झाले तरी चालेल, ते तुमचे असेल!