टेस्टर वाजला नाही म्हणजे करंट नाही, असे नव्हे

पावसाळा लागला की वस्तीत एक वाक्य हमखास कानावर येते : "पत्र्याला हात लावू नको गं, करंट मारतोय!" जुनी वायर पत्र्याच्या धारेवर घासते, तिचे कव्हर फाटते, त्यात पाणी शिरते. मग ओला पत्रा, त्याला बांधलेली कपड्यांची तार, लोखंडी दार या सगळ्यांतच वीज उतरते. उन्हाळ्यात असाच धोका कूलरचा असतो.

अलीकडे काही शे रुपयांत मिळणारी दोन साधने बऱ्याच घरांत आली आहेत. एक म्हणजे वायरला न चिकटवता, नुसते जवळ नेले की बीप वाजणारा टेस्टर. दुसरे म्हणजे लांबून ताप मोजणारी 'गन'. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला तर तीच घात करतात. म्हणून ती काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे आधी समजून घेऊ.

बीप वाजणारा टेस्टर

घरातली वीज २३० व्होल्टची असते आणि सेकंदाला ५० वेळा तिची दिशा पालटून परत येते. अशा विजेचा प्रभाव वायरच्या प्लॅस्टिकबाहेरही थोडा जाणवतो. टेस्टरचे टोक तो ओळखते. या कामात आपले शरीर आणि जमीन यांचाही वाटा असतो, म्हणून टेस्टर हातात नीट धरावा लागतो. काठीला बांधून तपासू नये.

तपासायची रीत तीन पायऱ्यांची आहे :

१. ज्या सॉकेटवर आत्ता मोबाईल चार्ज होत होता, त्याच्या दोन्ही लहान भोकांपाशी टेस्टर न्या. एका ठिकाणी तो वाजलाच पाहिजे. वाजला नाही तर सेल उतरला आहे किंवा टेस्टर बिघडला आहे.

२. आता जी वायर, पत्रा किंवा कूलर तपासायचा आहे त्याच्याजवळ न्या.

३. पुन्हा पहिल्या सॉकेटवर तपासा. मधल्या वेळात सेल उतरला असेल तर तो इथे कळतो.

ही तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. तिला दहा सेकंद लागतात, ती गाळू नका.

टेस्टर वाजला तर हात लावायचा नाही, एवढे नक्की. कधी शेजारच्या वायरमुळेही तो वाजतो. अर्थिंग नसलेल्या फ्रिजजवळ वाजतो. तरीही वायरमनने पाहीपर्यंत तिथे वीज आहे असेच धरून चाला.

खरा धोका तो गप्प राहिला तेव्हा असतो. वायर लोखंडी पाइपातून गेली असेल तर तो वाजत नाही. तुम्ही लाकडी स्टुलावर उभे असाल तर कमी वाजतो किंवा वाजतच नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीची आणि सोलर पॅनेलची वीज त्याला कळत नाही. अर्थिंग चांगले आहे की नाही, हेही तो सांगत नाही. म्हणून टेस्टर गप्प आहे एवढ्यावर उघड्या वायरला हात घालू नका. आधी मेन स्विच बंद करा. काही घरांत शेजाऱ्याकडून घेतलेली दुसरी लाइन असते, तीही बंद करा. त्यानंतर तपासा, आणि दुरुस्ती वायरमनकडूनच करून घ्या.

घरच्यांनी या टेस्टरवर एवढी दोन कामे जरूर करावीत. पहिले, कूलर सुरू असताना त्याच्या पत्र्याजवळ टेस्टर नेऊन पाहावा. वाजला तर कूलर बंद करून प्लग काढून ठेवावा. नाही वाजला तरी पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढावा. दुसरे, बल्बचे बटण बंद करून होल्डरजवळ टेस्टर न्यावा. तरीही वाजला तर बटण चुकीच्या वायरवर बसवले असण्याची शक्यता आहे. अशा होल्डरमध्ये बल्ब बदलताना शॉक बसतो. आधी मेन बंद करा आणि वायरमनला दाखवा.

जुन्या पेचकसासारख्या टेस्टरमधून मात्र थोडी वीज आपल्या अंगातून जाते. तो चिरलेला किंवा ओला असेल तर फेकून द्या.

ताप मोजणारी गन

प्रत्येक गरम वस्तूतून डोळ्यांना न दिसणारी उष्णता बाहेर पडत असते. गन ती टिपते. ती आपल्या अंगात कुठलेही किरण सोडत नाही. कोविडच्या काळात 'गनमुळे मेंदूला इजा होते' अशी अफवा पसरली होती, तिच्यात तथ्य नव्हते.

पण गन दोन जातींच्या असतात, आणि घोटाळा इथेच होतो. लाल ठिपका पाडणारी गन कारखान्यातल्या यंत्रांसाठी, भट्टीसाठी असते. तिने कपाळ मोजले तर आकडा बहुधा कमी येतो, कारण कपाळाची कातडी शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंड असते. तापाच्या गनमध्ये तो फरक धरून आकडा दाखवण्याची सोय असते. यंत्राची गन लावून 'ताप नाही' म्हणत बसलो आणि लेकराला डेंग्यू असला, तर मोलाचे दिवस हातचे जातात. शिवाय तो लाल ठिपका लेझरचा असतो, कुणाच्याही डोळ्यांवर मारू नये. मुलांना खेळायला तर मुळीच देऊ नये.

तापाची गन वापरताना :

• उन्हातून आलेल्या किंवा चुलीपुढून उठलेल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटे सावलीत बसू द्या.

• कपाळावरचा घाम, तेल पुसा. पंख्याचा झोत कपाळावर नको.

• गन 'बॉडी'वर लावली आहे ना, ते पाहा. तिच्या माहितीपत्रकात लिहिलेल्या अंतरावर, साधारण ३ ते ५ सेंटिमीटरवर धरा.

• पुढची काच मळकट असेल तर मऊ कापडाने हलकेच पुसा.

१००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त, हा ताप समजावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला इतका ताप आला तर घरी वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. आकडा कमी असला, पण अंग भाजत असेल, मूल मलूल असेल, तर काखेत लावायच्या साध्या डिजिटल थर्मामीटरने पुन्हा मोजा. आकड्यापेक्षा लेकराची अवस्था महत्त्वाची.

लाल ठिपक्याची गन घरात असेलच, तर तिचा वेगळा उपयोग आहे. इस्त्री, हीटर, कूलर यांचे प्लग तिने मोजता येतात. एकसारख्या दोन वस्तू सुरू असताना एकाचा प्लग दुसऱ्यापेक्षा १५ अंश सेल्सिअसने जास्त गरम लागला, तर आत जोड ढिला असण्याची शक्यता असते. आगीची सुरुवात अशा जोडातूनच होते. वस्तू बंद करा, बोर्ड उघडू नका, वायरमनला बोलवा. मोजताना फूटभर अंतरावर राहा. लांब गेलात तर प्लगसोबत भिंतही मोजली जाते. चकचकीत पत्रा, स्टीलचे भांडे यांचा आकडा चुकतो. गन 'थंड' दाखवते म्हणून पातेल्याला हात लावाल तर भाजेल.

शॉक बसलाच तर

चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला वायरपासून दूर ढकला. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाबत राहा आणि कुणाला तरी १०८ वर फोन करायला सांगा. जोराचा शॉक बसलेला माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात न्या, हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात. रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेजवळ टेस्टर घेऊन जाऊ नका. लांब राहा आणि १९१२ वर कळवा.

टेस्टर धोका दाखवतो, टाळत नाही. तो टाळण्यासाठी चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. ही आरसीसीबी गळती होताच क्षणात वीज तोडते. साधी एमसीबी माणसाला बसणाऱ्या शॉकने पडत नाही. एकट्या घराला हा खर्च जड वाटत असेल, तर निदान एक टेस्टर आणि एक तापाची गन विहारात सगळ्यांसाठी ठेवता येईल. जयंतीच्या रोषणाईचे लोखंडी खांबही त्याच टेस्टरने रोज संध्याकाळी तपासा, आणि तो तीन पायऱ्यांनीच वापरा.