थंडीत न चिकटणारे छप्पर

अमेरिकेत किंवा कॅनडात घराचे छप्पर बदलायचे म्हटले की एक सल्ला हमखास मिळतो: हिवाळ्यात नको, शिंगल (काचतंतूंच्या पत्र्यावर डांबर आणि बारीक खडी बसवलेली चपटी पट्टी) चिकटत नाहीत, छप्पर गळेल.

चिकटत नाहीत, हे खरे. शिंगलवर डांबरी डिंकाचा पट्टा असतो. उन्हाने तो मऊ झाला की वरची शिंगल खालचीला धरते. खोबरेल थंडीत थिजते आणि बाटली उन्हात ठेवली की वाहू लागते, तसेच हे. पण शिंगल जागेवर ठेवतात ते खिळे, सहसा प्रत्येकी चार ते सहा. पाणी अडते ते कौलांसारखे थर एकमेकांवर चढवल्यामुळे. डिंकाची गाठ वाऱ्याशी. म्हणून पारा ५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला की कारागीर शिंगलखाली नाण्याएवढे डांबरी लेपाचे ठिपके हाताने लावतात.

खरी अडचण वेगळीच. गारठलेली शिंगल वाकवली की तडकते. गठ्ठे उबेत ठेवावे लागतात. शिवाय खालच्या फळ्यांवर बर्फाची साय असेल तर ती जाऊन फळ्या कोरड्या होईपर्यंत थांबायचे, आणि डिसेंबरचा दिवस तर आधीच लहान.