हुकलेल्यांची स्पर्धा

मार्च आला की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचं सगळं लक्ष एनसीएएच्या मुख्य स्पर्धेतल्या 68 संघांकडे. ती हुकलेल्यांसाठी एनआयटी, सीबीआय या दुय्यम स्पर्धा. खरं तर 1938 साली सुरू झालेली एनआयटी एनसीएए स्पर्धेहून वर्षभराने थोरली. 1970मध्ये मार्क्वेट विद्यापीठाने एनसीएएचं बोलावणं धुडकावलं, एनआयटी खेळली नि जिंकलीही! आता गंगा उलटी वाहते: 2024मध्ये सेंट जॉन्स विद्यापीठाने एनआयटीलाच नकार दिला. हंगाम संपताच खेळाडू दुसरं कॉलेज शोधू लागतात. मग खेळायचं कुणी? सीबीआय खेळायला तर संघांना पदरचे पैसे मोजावे लागतात.

पण व्हीसीयू या विद्यापीठाने 2010मध्ये तीच सीबीआय जिंकली आणि पुढच्याच वर्षी एनसीएएच्या उपांत्य फेरीत धडक मारली. पोरं नवखी असतील आणि पुढच्या वर्षी टिकणार असतील, तर जरूर खेळावं. निम्मा संघ निघून जाणार असेल, तर घरी बसलेलं बरं.