मातीच्या भिंतीला काय मानवते?

दापोऱ्यात जुन्या मातीच्या घराची डागडुजी निघाली की आधी सिमेंटच्या गिलाव्याचा विचार होतो. सिमेंट चांगले की चुना, असे विद्यार्थी मला विचारतात. कोणत्या कामाला काय मानवते, असे विचारणे मला अधिक योग्य वाटते.

सिमेंट काही तासांत आवळते आणि रोज पाणी मारले तर 28 दिवसांत बहुतेक ताकद घेते. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र आतली सळई घेते. स्लॅब, कॉलम आणि काळ्या मातीतला पाया यांसाठी त्याच्या तोडीचे दुसरे साहित्य सहज मिळत नाही. पण ओल सळईपर्यंत पोचली की ती गंजून फुगते आणि काँक्रीट फुटते. शिवाय सिमेंटसाठी चुनखडी व माती सुमारे 1450 अंशांवर भाजावी लागते. त्यातून खूप कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

चुनखडीचा चुना सुमारे 900 अंशांवर होतो. तो विरवून वापरला की हवेतला तोच वायू परत शोषत सावकाश घट्ट होतो. त्याची ताकद कमी, कामाला वेळ जास्त. पण तो ओल बाहेर जाऊ देतो. बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील हमामखान्यात 17 व्या शतकातली रंगीत चित्रे गिलाव्यावर अजून दिसतात.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा कडक थर दिला तर जमिनीतून चढलेली ओल आत कोंडते. वरून भिंत शाबूत दिसते, आतून भुसभुशीत होते. धोका कळतो तेव्हा गिलावा पोपडे धरून सुटलेला असतो.

औष्णिक वीजकेंद्रांची राख मिसळलेले पीपीसी सिमेंट हा मधला मार्ग आहे. त्यात 15 ते 35 टक्के राख असते. ताकद हळू येते, म्हणून पाणी अधिक दिवस मारावे लागते. एलसी3 या नव्या सिमेंटमध्ये भाजलेली माती असते. चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालणाऱ्या जुन्या गवंड्यांना हे तत्त्व ठाऊक होते. तरीही ही दोन्ही सिमेंटेच. मातीच्या भिंतीवर त्यांचाही थर नको.

म्हणून आधी ओलीचे मूळ शोधावे. नवा स्लॅब सिमेंटचा असू द्यावा; जुन्या भिंतीला माती किंवा चुन्याचाच गिलावा द्यावा. विरवणे, घाणी, सुरखी हे शब्द वर्गात समजावताना त्यांमागचे कामही सांगावे. ते विसरले गेले, तर उद्या डागडुजी कशी करायची हे विचारायला कुणी उरणार नाही.